ओलपंथाची मूठ काढू नका

प्रति,
संपादक समिती,
आपले लेखनमंडळ

सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी रात्री मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर समितीचा निरोप आला, आपण कथांसाठी रचलेल्या ओलपंथ या धर्माबद्दल. चारच ओळी होत्या. ओलपंथाच्या धर्मपीठाची रचना सोपी करण्यात आली आहे. थोरली माय हे पद यापुढे कोंडाई घराण्यात वंशपरंपरेने राहील. गावसभा, मूठ आणि हिशोबवाचन वगळण्यात येत आहे. आधीच्या कथांमध्ये त्याप्रमाणे दुरुस्त्या होतील.

मी तो निरोप तीनदा वाचला. मग कपाटातून ओलपंथाची वही काढली. दोनशे पानी, पुठ्ठा सुटलेली, आतमध्ये तुमच्यापैकी तिघांची अक्षरं आहेत. नऊ वर्षांपूर्वी आपण हा कल्पित मुलूख उभा करायला घेतला, तेव्हा नकाशा भाऊंनी काढला, लढाया आणि राजघराणी आप्पांनी घेतली आणि धर्म माझ्या वाट्याला आला. "तू देवादिकांचं बघ," असं तेव्हा मला सांगितलं होतं. मी बघितलं, आणि मनापासून बघितलं. म्हणून आज गप्प बसवत नाही.

हे पत्र फक्त समितीला पाठवता आलं असतं. उघड लिहितेय, कारण ओलपंथ आता आपल्या तेरा जणांपुरता राहिलेला नाही. गेल्या दिवाळीनंतर शिरपूरकडच्या एका कॉलेजच्या मुलीने मला विचारलं होतं, "आमच्या गावचा घागरकरी बदलायचा असेल तर किती मुठी लागतात?" ती स्वतःची कथा लिहीत होती, आपल्या मुलखात. तिला मी उत्तर दिलं होतं. त्या उत्तराचं आता काय करायचं?

ज्यांनी आमच्या कथा वाचलेल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. नवखोरे हा आमचा कल्पित मुलूख. त्यात एकच नदी, मौनी. ती चार महिने वरून वाहते आणि आठ महिने जमिनीखालून. लोक मानतात की ओलमाय त्या आठ महिन्यांत मातीखालून चालत असते. प्रत्येक गावात तिचं थान आहे. थान म्हणजे एक आड आणि त्याच्या शेजारी एक कणगी. पेरणीआधी गावातलं प्रत्येक जाणतं माणूस, बाई असो की बाप्या, त्या कणगीत मूठभर ज्वारी टाकतं. ज्याची मूठ पडली तो मूठकरी. मूठकरी मिळून तीन वर्षांसाठी घागरकरी निवडतात. घागरकरी म्हणजे थानाचा पुजारी, आडाचं पहिलं पाणी काढणारा. त्याचं वागणं बिघडलं तर तीनांतल्या दोघा मूठकऱ्यांनी आपली मूठ कणगीतून परत घेतली की त्याची घागर खाली उतरते.

बारा गावांची मिळून एक बारव. बारवसभेत बसायचं ते पायऱ्यांवर. नदीच्या शेवटाला असलेलं गाव सगळ्यांत खालच्या, पाण्याला टेकलेल्या पायरीवर बसतं आणि पहिल्यांदा तेच बोलतं. सात बारवा मिळून थोरली माय निवडतात, नऊ वर्षांसाठी. ती वचनांचा अर्थ सांगू शकते, तंटा ऐकू शकते, पण कणगीला हात लावू शकत नाही. किल्ली शेवटच्या गावाकडे असते. मौनीला पहिलं पाणी आलं की त्या दिवशी ओलवही, म्हणजे वर्षाचा जमाखर्च, मोठ्याने वाचली जाते. वाचून संपेपर्यंत कोणी पाण्याचा घोट घेत नाही.

आणि या मुलखातली जादू एवढीच आहे की गावाच्या संमतीशिवाय उचललेल्या घागरीतलं पाणी मचूळ होतं. बाकी कुठे वीज पडत नाही, कोणाच्या हातातून ज्वाळा निघत नाहीत. समितीने मूठ काढली, पण मचूळ पाणी ठेवलं आहे. मग ते पाणी आता कशाने मचूळ होतं? नऊ कथा या एका गोष्टीवर उभ्या आहेत. भिंत पाडताना वर माळवद आहे का, एवढं तरी बघायला हवं होतं.

ही मूठ कुठून आली तेही सांगते, म्हणजे ती मला का सोडवत नाही ते कळेल. माझं माहेर साक्री तालुक्यातलं, पांझरेच्या काठचं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई, आम्हा खानदेशकरांची देवी, बसते. रोटांसाठी गहू काढताना घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजतात. पाळण्यातल्या पोराचीही मूठ पडते. दळणं, पुरण शिजवणं, रोट लाटणं, चौरंग मांडणं, रात्र जागवणं हे सगळं बायकांचं. मी नऊ-दहा वर्षांची असेन. काका सुपात मुठी टाकत नावं घेत होते आणि आजी चुलीपाशी पुरणाचा हंडा उतरवत होती. हंडा खाली ठेवून, पदराने हात पुसत ती अहिराणीत म्हणाली, "मनी मूठ कोठे शे?" माझी मूठ कुठे आहे? सगळे हसले. ती हसली नाही. पुन्हा चुलीकडे वळली. आजी कानबाईची निस्सीम भक्त होती, तिने रीत मोडली नाही, मोडा असंही म्हणाली नाही. पण तिने विचारलं होतं, आणि तिला कोणी उत्तर दिलं नव्हतं.

ओलपंथाच्या कणगीत जी मूठ पडते ती आजीची आहे. मी ती कोणत्या परदेशी कादंबरीतून उचललेली नाही.

शेवटच्या गावाचं पहिलं बोलणंही असंच घरचं आहे. पांझरेवर शेकडो वर्षं पाणीवाटपाची फड पद्धत चालली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून कालवा, कालव्याच्या चाऱ्या, चाऱ्यांखाली फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पुढच्या वर्षी पालट करायची. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार आणि या सगळ्यांवर शेतकऱ्यांचेच पंच. माझे वडील सांगायचे, पाटकरी चांगला की वाईट ते बंधाऱ्याजवळच्या वावराला विचारू नये, शेवटच्या वावराला विचारावं. मी त्या एका वाक्यावरून बारवसभा बांधली. धर्म आणि पाणी, दोन्ही वरून खाली येतात असं मानलं जातं. ते खालपर्यंत पोचतं का हे सांगायला खालचा माणूस सभेत बसलेला लागतो.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, निर्णय कसा झाला याबद्दल. बैठकीची सूचना मला नव्हती, धुळ्याच्या दोघांना नव्हती, नंदुरबारच्या ताईंना नव्हती. नऊ वर्षांत ज्याने जो भाग लिहिला त्याला विचारल्याशिवाय तो भाग बदलायचा नाही, हे आपण पहिल्याच बैठकीत ठरवलं होतं. ते वहीच्या पहिल्या पानावर आहे, खाली तेरा सह्या आहेत. समितीला छपाईची घाई होती हे मी समजू शकते. एक फोन करायला तीन मिनिटं लागतात.

दुसरी तक्रार कारणाबद्दल आहे, आणि ती मला जास्त लागली. नंतर विचारलं तेव्हा सांगण्यात आलं की वाचकाला समितीत आणि सभेत रस नसतो, धर्मपीठ म्हटलं की एक दुष्ट महंत लागतो, म्हणजे गोष्ट पळते.

हे खरं नाही. १२६८ साली पोप चौथे क्लेमेंट वारले. त्यांच्या जागी कोण, हे ठरवायला इटलीतल्या व्हितेर्बो शहरात कार्डिनल, म्हणजे पोप निवडणारे वरिष्ठ धर्मगुरू, जमले आणि जवळजवळ तीन वर्षं त्यांचं जुळेना. शेवटी शहरातल्या लोकांनी त्यांना वाड्यात कोंडलं, खाणं तोडलं आणि वरचं छप्परही उतरवलं असं सांगतात. १२७१ मध्ये दहावे ग्रेगरी निवडले गेले. आपण कसे निवडले गेलो हे ते विसरले नाहीत. १२७४ मध्ये ल्याँच्या परिषदेत त्यांनी नियमच केला की पोप निवडताना कार्डिनलांना एकत्र कोंडायचं, तीन दिवसांत निवड झाली नाही तर जेवणात एकच पदार्थ, आणखी पाच दिवस गेले तर नुसता पाव, पाणी आणि वाइन. पुढे दोन पोपांचं भांडण मिटवायला १४०९ मध्ये पिसा इथे परिषद भरली आणि तिने तिसराच पोप निवडला. तिघेही आपणच खरे म्हणत राहिले. ते निस्तरायला १४१४ ते १४१८ अशी चार वर्षं कॉन्स्टन्सची परिषद बसावी लागली. यात कुठे गोष्ट थांबली आहे? निवडीचा नियम होता, तो अपुरा होता, माणसं त्यातून वाट काढत होती आणि एकमेकांना अडवत होती. गोष्ट तिथेच आहे.

आणि दुष्ट महंत हवा असेल तरी तो एकटा उभा राहत नाही. १९२१ च्या फेब्रुवारीत नानकाना साहिबला तिथल्या महंताच्या माणसांनी गुरुद्वाऱ्यात आलेल्या शिखांची कत्तल केली. त्या महंताबद्दल आज कोणी बोलतं ते त्याच्या क्रौर्यासाठी, पण तो प्रसंग घडला कशामुळे? गुरुद्वारा महंताच्या घरची मिळकत नाही, संगतीचा, म्हणजे भक्तसमुदायाचा आहे, असं म्हणणारी माणसं दारात आली म्हणून. त्याच चळवळीतून १९२५ चा कायदा झाला, कारभार निवडून दिलेल्या समितीकडे गेला आणि त्या निवडणुकीत बायकांनाही मत होतं. संगत काढून टाका, मग महंत कोणाविरुद्ध दुष्ट राहील?

समितीचं एक म्हणणं मला मान्य आहे. माझ्या बारवसभेच्या प्रसंगात एका कथेत आठ पानं गेली आहेत आणि ती लांबली आहेत. मी ती तीन पानांवर आणते. पण पानं कापणं वेगळं आणि सभाच उठवणं वेगळं.

तिसरी, हिशोबवाचनाची. मसुद्याच्या कडेला पेन्सिलीने "कंटाळवाणे" असं लिहिलेलं मी पाहिलं. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, मी जळगावात एका लेखापरीक्षकाच्या कार्यालयात काम करते. सोळा वर्षं ट्रस्टच्या फायली माझ्या टेबलावरून जातात. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात नोंद झालेल्या देवस्थानात विश्वस्त बदलला की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत फेरफार अर्ज द्यायचा असतो. आम्ही त्याला चेंज रिपोर्टच म्हणतो. देवाची जमीन विकायची तर कलम ३६ खाली आधी परवानगी. रुक्ष वाटतं ना? एका गावच्या देवस्थानात सात विश्वस्तांपैकी पाच वारले होते आणि एकाचाही चेंज रिपोर्ट दिलेला नव्हता. गावात दोन गट झाले, दोघांनी आपापले अध्यक्ष केले, बँकेने दोघांनाही पैसे काढू दिले नाहीत. एका दुपारी त्या देवळातले म्हातारे गुरव आमच्याकडे आले. हातात कापडाच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी. तिच्यात कॅलेंडरची फाडलेली पानं होती आणि प्रत्येक पानाच्या कोऱ्या बाजूवर तारीख आणि तेलाचा खर्च, पेन्सिलीने. चाळीस रुपये. चाळीस रुपये. एका पानावर पंचेचाळीस, बाजूला "सण" असं लिहिलेलं. दोन वर्षं ते स्वतःच्या खिशातून दिवा लावत होते आणि रोज लिहून ठेवत होते. त्यांना पैसे परत नको होते. त्यांना एवढंच हवं होतं की हे कोणीतरी वाचावं. "कोणाला दाखवू?" असं त्यांनी मला विचारलं.

मी ती पानं एकेक करून वाचली, त्यांच्यासमोर, मोठ्याने. नवखोऱ्यात ओलवही मोठ्याने वाचतात आणि वाचून होईपर्यंत कोणी पाणी पीत नाही, ते त्या दुपारनंतर मी लिहिलं. ज्यांना ते कंटाळवाणं वाटलं त्यांनी एकदा तो प्रसंग पुन्हा वाचावा, एवढी विनंती आहे.

चौथी, कोंडाई घराण्याची. धर्मपीठ वंशपरंपरेने एका घराकडे असणं ही साधीसोपी रचना नाही. पंढरपुरात बडवे आणि उत्पात या पुजारी घराण्यांचे परंपरागत हक्क १९७३ च्या कायद्याने काढून घेतले आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१४ मध्ये आला. मधली चाळीसएक वर्षं कोर्टात गेली. त्याच देवळाचं दार दलितांसाठी उघडावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसले, आपल्या अमळनेरच्या शाळेत शिकवलेले गुरुजी. दार कोणासाठी उघडं, दक्षिणा कोणाची, किल्ली कोणाकडे, हे कारभाराचेच प्रश्न आहेत आणि त्यांच्यासाठी माणसांनी जीव पणाला लावले आहेत. ते आपण "सोपं करण्यासाठी" एका ओळीत मिटवतो, हे मला पटत नाही.

दुरुस्तीच्या मसुद्यात थोरली माय "गूढ भाषेत" आदेश देते आणि तो अर्थ फक्त कोंडाई घराण्याला कळतो असंही आहे. महानुभावांच्या नागदेवाचार्यांनी सातशेहून जास्त वर्षांपूर्वी केशिराजांना संस्कृतात लिहू नका असं सांगितलं, कारण त्याने माझ्या म्हाताऱ्या वंचित होतील. पंथाचा प्रमुख निर्णय घेताना कोणाचा विचार करतो, हे यापेक्षा स्वच्छ मी कुठे वाचलेलं नाही. ओलवही साध्या बोलीत वाचली जाते ती या म्हाताऱ्यांसाठी. त्यांना आपण गूढ भाषेने बाहेर काढतो आहोत.

पाचवी छोटी आहे. माझ्या नावावर छापल्या गेलेल्या कथा माझ्या परवानगीशिवाय बदलू नका. यावर चर्चा होऊ शकत नाही.

माझ्या मागण्या अशा.

निर्णय आजपासून स्थगित करा आणि ग्रुपवर तसं लिहा. तेरा जणांची पूर्ण बैठक बोलवा, पंधरा दिवस आधी लेखी सूचना देऊन, रविवारी, धुळ्याला, म्हणजे नंदुरबारकरांना आणि भुसावळच्या भाऊंना दोन्हीकडून येता येईल. बैठकीत जे ठरेल ते वहीत लिहा, सह्यांसह. वही एकाच्या कपाटात नको, माझ्याही नको. तिची छायाप्रत प्रत्येकाकडे असावी.

मूठ, बारवसभा आणि ओलवही राहू द्या. त्यांत सुधारणा सुचवा, मी ऐकेन. सातांऐवजी पाच बारवा करा, नऊ वर्षांची सहा करा, घागरकऱ्याला काढायचं ते तीनांत दोनऐवजी अर्ध्या मुठींवर आणा. यावर मी भांडणार नाही.

आणि तुम्हाला कोंडाई घराणं आणायचंच असेल तर ते कथेत आणा, नियमात नको. ते घराणं कणगीची किल्ली शेवटच्या गावाकडून कशी काढून घेतं ते लिहा. दुष्काळाच्या दोन वर्षांत "एवढ्या वर्षी सभा नको, माणसं उपाशी आहेत" असं म्हणत सभा कशी टळते, मग तिसऱ्या वर्षी पाऊस पडतो तरी ती का भरत नाही, ते लिहा. खालच्या पायरीवर गवत उगवलेलं दाखवा. आप्पांनी ती कथा लिहिली तर मी तिच्यासाठी ओलपंथाचा सगळा मजकूर, नियम, वचनं, सणवार, जे लागेल ते देईन. त्या कथेत थोरल्या मायच्या घागरीतलं पाणी मचूळ होईल, आणि का झालं ते नवखोऱ्यातल्या प्रत्येक माणसाला कळेल, कारण मूठ काय असते ते त्यांना आठवत असेल.

शिरपूरच्या त्या मुलीला मी अजून काही कळवलेलं नाही. बैठक होईपर्यंत कळवणार नाही.

कोणताही रविवार सांगा, मी येईन. फक्त नागपंचमीनंतरचा नको. त्या दिवशी मी माहेरी असते. आता चुलीपाशी मी असते, आणि गेल्या वर्षी काकांचा मुलगा सुपात मुठी टाकत होता तेव्हा मी आजीचा प्रश्न पुन्हा विचारला. तो थांबला, माझ्याकडे बघितलं, आणि आत्याला विचारून येतो म्हणाला. यंदा काय ठरतं ते बघायचं आहे.

आपली,
वहीच्या पहिल्या पानावर सही असलेली एक सभासद
जळगाव